म्हातारा युरोप, आमची तरुण वस्ती आणि दोन मुलांची अट

युरोपकडे भांडवल आहे, यंत्रे आहेत, रुग्णालये आहेत. तिथे कमी पडताहेत ती काम करणारी माणसे. ज्यांना आपल्याकडे ‘लोकसंख्येचा भार’ म्हणून हिणवले जाते, ती माणसे.

जर्मनीचेच उदाहरण घेऊ. पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून १९६४ साली सुमारे साडेतेरा लाख मुले जन्मली. २०२३ मध्ये हा आकडा सात लाखांच्या खाली होता. १९६४ ची ती पिढी आता निवृत्त होत आहे. तिथल्या वृद्धांचे निवृत्तिवेतन मुख्यतः आज काम करणाऱ्यांच्या पगारातून कापलेल्या पैशांतून दिले जाते. पगारदार कमी आणि निवृत्त जास्त झाले की हे गणित कोलमडते. कारखान्याला ऑर्डर मिळते, पण यंत्रावर उभा राहणारा माणूस मिळत नाही. रुग्णालयात खाट असते, पण परिचारिका नसते. आर्थिक वाढ ही शेवटी माणसांच्या हातांनी होते, हे श्रीमंत देशांना आता कळू लागले आहे.

म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने महाराष्ट्र सरकारशी करार केला. सुरुवातीला दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचे ठरले : परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजार केली. कधीकाळी होएक्स्टसारखी जर्मन कंपनी कामगारांच्या शोधात आमच्या मुलुंडला आली होती. आता लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि कामगारालाच जर्मनीला बोलावणे आले आहे.

आता याच महाराष्ट्र सरकारच्या दुसऱ्या चेहऱ्याकडे पाहा. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्या माणसाला आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या नियमांनी राज्य सरकारच्या नोकरीलाही लहान कुटुंबाची अट लावली. गरिबांना मुले फार होतात, हे त्यामागचे गृहीतक. वस्तुस्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे महाराष्ट्र आजच फ्रान्सच्या आसपास आहे. युरोप ज्या वाटेने म्हातारा झाला, त्याच वाटेला आपणही लागलो आहोत. फरक इतकाच, की तो आधी श्रीमंत झाला आणि मग म्हातारा. आपल्याला तेवढा वेळ मिळेल असे दिसत नाही.

कुटुंब लहान असावे, हे आम्हाला कुणी धाक दाखवून शिकवलेले नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे बाबासाहेब होते. विचार होता तो स्त्रीच्या आरोग्याचा आणि गरिबाच्या संसाराचा. मागणी सोयीची होती, शिक्षेची नव्हती. सभागृहाने तो ठराव फेटाळला. आमच्या वस्तीतल्या बायांनी मात्र तो आपापल्या घरात मंजूर करून टाकला.

घाटकोपरच्या ज्या वस्तीत आम्ही काम करतो, तिथल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथे येणारी एक मुलगी जीएनएम करून खासगी रुग्णालयात नोकरी करते. रात्रपाळी संपवून ती जर्मन भाषेच्या क्लासला जाते. क्लासची फी तिच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी आहे. परिचारिका म्हणून तिथे पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन भाषा यावी लागते. आम्ही तिला विचारले, इतका आटापिटा कशासाठी? ती म्हणाली, “ताई, तिकडे म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवायचंच काम आहे, मला ठाऊक आहे. पण तिकडे त्या कामाला पगार आहे, आणि आडनाव कुणी विचारत नाही.”

या उत्तरात आमच्या समाजशास्त्राच्या एम.ए.चे दोन पेपर मावतात. कामाची वाटणी जगात सगळीकडे होते; जात मात्र काम करणाऱ्या माणसांनाच वर-खाली लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. आपल्याकडे सेवेचे काम स्वस्त आहे, कारण ते करणारे ‘आयतेच’ मिळतात अशी समजूत आहे. तिकडे माणूस दुर्मीळ झाला आणि त्याच कामाला भाव आला.

पण तिकडे स्वर्ग आहे, असेही कुणी समजू नये. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी असाच करार केला होता. आलेल्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले. काम करा आणि परत जा, असा हिशेब होता. १९७३ मध्ये मंदी येताच भरती बंद झाली. माणसे मात्र राहिली, त्यांची मुलेबाळे तिथेच वाढली. आणि परदेशी पालकांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळण्याची तरतूद व्हायला २००० साल उजाडले. आजही स्थलांतरितांना विरोध करणारा पक्ष तिथे २०२५ च्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर आला. हात हवेत, माणूस नको, ही वृत्ती आपल्याला अनोळखी नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या आयटीआयमध्ये आणि वस्तीतल्या अभ्यासिकांमध्ये संध्याकाळचे मोफत जर्मन वर्ग सुरू करा. मराठी माध्यमाच्या मुलांना मराठीतून जर्मन शिकवा. निवड झालेल्यांत अनुसूचित जाती-जमातींचे, भटक्या-विमुक्तांचे किती, हे दरवर्षी जाहीर करा. जाणाऱ्याच्या हातात करारपत्र त्याला समजेल अशा मराठीत द्या. आणि दोन मुलांची अट रद्द करा, १.७ च्या राज्यात तिला कसलाही अर्थ उरलेला नाही.

शेवटी एक प्रश्न उरतोच. जी मुलगी स्टुटगार्टच्या म्हाताऱ्यांना हवी आहे, तिची गरज उद्या घाटकोपरच्या म्हाताऱ्यांनाही लागणार आहे. तिला इथेच तो पगार आणि तो मान का मिळू नये? याचे उत्तर जर्मनीने द्यायचे नाही, महाराष्ट्राने द्यायचे आहे.

जय भीम!