डुकराचं पिल्लू आणि ट्रान्झिस्टर

१९४८ साली अमेरिकेतल्या ग्रिनेल कॉलेजात गाजलेली बातमी चोरीची होती. वसतिगृहाच्या हवाईयन मेजवानीत अख्खं डुक्कर भाजायचं ठरलं आणि रॉबर्ट नॉइस नावाच्या मुलाने मित्राला घेऊन शेजारच्या शेतातून पिल्लू पळवलं. दुसऱ्या दिवशी दोघं स्वतःहून पैसे द्यायला गेले आणि तिथेच प्रकरण चिघळलं. आयोवा हे शेतकऱ्यांचं राज्य. तिथे जनावरचोरीला तुरुंग होता. त्यात नॉइस धर्मोपदेशकाचा मुलगा. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल मध्ये पडले म्हणून एका सत्राच्या निलंबनावर भागलं. नॉइस न्यूयॉर्कला जाऊन विमा कंपनीत आकडेमोड करत बसला.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये बेल लॅब्जने ट्रान्झिस्टर जाहीर केला. वर्तमानपत्रांनी फारसं मनावर घेतलं नाही. गेल यांनी घेतलं. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी जॉन बार्डीन त्यांच्या ओळखीचे, आणि बेल लॅब्जचे अध्यक्ष ऑलिव्हर बकली तर ग्रिनेलचेच माजी विद्यार्थी. गेल यांनी पत्रं लिहून जमेल ते साहित्य मागवलं. या विषयात तेही नवखेच होते. जानेवारीत परतलेला नॉइस त्या साहित्यावर तुटून पडला. पुढे पीएच.डी.साठी तो एमआयटीत गेला, तर तिथे ट्रान्झिस्टरबद्दल शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं! १९५९मध्ये त्याने सिलिकॉनच्या तुकड्यावरच जोडण्यांसह अख्खं सर्किट, म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट, बसवण्याची युक्ती मांडली आणि १९६८मध्ये गॉर्डन मूरबरोबर इंटेल काढली. ग्रिनेल कॉलेजच्या निधीतूनही तिच्यात पैसे गुंतवले गेले. आमच्या संस्थाचालकांना हा भाग सर्वांत आवडतो.

मी एका तालुक्याच्या गावात भौतिकशास्त्र शिकवतो आणि कॉलेजच्या वार्षिक अंकातलं 'गुणवंतांचे अभिनंदन' हे पान माझ्याकडे असतं. विद्यापीठात आलेले, युवा महोत्सवात ढाल आणणारे, नेट-सेट झालेले, एनसीसीतून दिल्लीच्या संचलनाला गेलेले. पान भरतं, फोटो छापून येतात, पालक पाच-पाच प्रती नेतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण १९४९चं ग्रिनेलचं पान माझ्याकडे असतं, तर नॉइसबद्दल मी काय छापलं असतं? पदवी उत्तम, आणि 'ब्राउन डर्बी' हे बक्षीस, जे कमीत कमी अभ्यासात जास्तीत जास्त गुण मिळवणाऱ्याला वर्गमित्र देत. नोबेलसुद्धा त्याच्या नावावर लागलं नाही. इंटिग्रेटेड सर्किटसाठी ते २०००मध्ये जॅक किल्बींना मिळालं; नॉइस १९९०मध्येच गेला होता. आणि गेल यांची पत्रं? पत्र लिहिणं ही कामगिरी कुठल्या रकान्यात बसत नाही.

याच ग्रिनेलचे १९७०चे पदवीधर टॉमस चेक यांना १९८९मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर विज्ञानातले संशोधक घडवण्यात अशी छोटी कॉलेजं सरस ठरतात, असं त्यांनी पुढे एका लेखात मांडलं. त्यामागचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे: तिथे पीएच.डी.चे विद्यार्थी नसतात, त्यामुळे महागडं यंत्र आणि प्राध्यापकांची दुपार, दोन्ही पदवीच्या पोरांच्या वाट्याला येतात.

पीएच.डी.चे विद्यार्थी आमच्याकडेही नाहीत. कॉलेज छोटं आहे, मुलं हुशार आहेत, पण दुपार मात्र मूल्यांकनाच्या फायली खातात आणि ऑसिलोस्कोप कपाटात असतो. किल्ली प्रयोगशाळा सहायकाच्या खिशात, कारण काही बिघडलं तर भरपाई त्याच्या पगारातून होईल अशी त्याला भीती. यंदाच्या अंकात मी एक चौकट वाढवली आहे: कोणत्या शिक्षकाने कुणासाठी कुठे पत्र लिहिलं, काय मागून आणलं, कोणतं कपाट उघडलं. पहिल्या फेरीत दोनच नोंदी आल्या, त्यातली एक ग्रंथपालबाईंची. उरलेली जागा अजून रिकामी आहे, आणि ती जाहिरातीला देऊन टाका असं छापखान्याचं म्हणणं आहे.