पन्नाशीनंतरचा फॉर्म्युला वन

पन्नाशी उलटल्यावर मी फॉर्म्युला वनचा भक्त झालो, आणि या वयात हे खूळ कुठून शिरलं, असं मला वरचेवर विचारलं जातं. प्रश्नामागे एक समजूत आहे: वेगाचं वेड विशीतलं, उतारवयात माणसानं शांत गोष्टींत रमावं. मला हे अजिबात पटत नाही. सुसाट गाडी पाहून अंगावर काटा यायला वयाची अट नाही. पण एखादा चालक वळणाच्या बराच अलीकडे पाय का उचलतो, पुढच्या गाडीमागे दोन सेकंदांचं अंतर राखून दहा फेऱ्या गप्प का बसतो, हे उमगायला आणि त्यात रंगून जायला थोडं आयुष्य पाहिलेलं असावं लागतं. सुमारे ३०५ किलोमीटरची ही शर्यत मुळात जपून खर्च करण्याची आहे. म्हणूनच ती उशिरा आलेल्या प्रेक्षकाच्या पदरात जास्त टाकते.

सगळी मेख टायरमध्ये आहे. २०११पासून सर्व संघांना पिरेलीचेच टायर मिळतात. कोरड्या रस्त्यासाठी लाल पट्टीचा मऊ, पिवळीचा मध्यम आणि पांढरीचा कडक. मऊ टायर रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. कडक टिकतो, पण तितका वेग देत नाही. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकार वापरावे लागतात, म्हणजे पिटमध्ये थांबणं आलंच. चाकं दोन-अडीच सेकंदांत बदलतात (मॅकलारेननं २०२३ साली कतारमध्ये हे काम १.८० सेकंदांत उरकलं), पण पिटलेनमधल्या वेगमर्यादेमुळे एकूण वीसेक सेकंद जातात. ते कधी घालवायचे, यावर निकाल फिरतो. पुढच्याच्या एक-दोन फेऱ्या आधी थांबायचं, नव्या टायरवर जीव तोडून गाडी हाणायची आणि तो पिटमधून बाहेर येईपर्यंत त्याच्या पुढे निघून जायचं. याला अंडरकट म्हणतात. ‘त्याच त्या गोल फेऱ्या, कुणी कुणाला ओलांडतही नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी पडद्याच्या कडेला घटत जाणारं अंतर पाहावं. ओलांडणं तिथे केव्हाच सुरू झालेलं असतं.

१९९८ची हंगेरीची शर्यत मी याचा आदर्श मानतो. हंगारोरिंगवर ओलांडायला जागा मिळत नाही आणि पुढे मॅकलारेनच्या गाड्या होत्या. फेरारीच्या रॉस ब्रॉननी मध्येच बेत बदलला: मायकेल शूमाकरनं दोनऐवजी तीनदा थांबायचं. तेव्हा शर्यतीत इंधन भरता येत असे. थांबे वाढले की टाकीत पेट्रोल कमी आणि गाडी हलकी. जादा थांब्याच्या भरपाईसाठी त्याला १९ फेऱ्यांत २५ सेकंद कमवायचे होते. मध्येच तो रस्त्याबाहेर घसरला, तरीही जिंकला. हे कागदावर मांडणारा आणि ते चाकांवर उतरवणारा, दोघांनाही मी सारखंच मानतो.

‘शेवटी गाडीच जिंकते’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०२३ साली २२पैकी २१ शर्यती रेड बुलनं जिंकल्या, तेव्हा गाडीचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वर्षी त्याच संघाच्या गाडीत मॅक्स व्हर्स्टॅपननं ५७५ गुण मिळवले आणि सर्जिओ पेरेझनं २८५. यंत्र एकच असताना इतकी तफावत माणसामुळेच पडते. आणि तो माणूस कोवळाच असावा लागतो असंही नाही. हुआन मॅन्युएल फांजिओनं पहिलं विश्वविजेतेपद चाळिशीत मिळवलं. १९५७ साली न्युरबुर्गरिंगवर, लांबलेल्या थांब्यानंतर, त्यानं पुढे गेलेल्या फेरारींना गाठून शर्यत मारली आणि पाचवं विजेतेपद पक्कं केलं, तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

जिवाच्या धोक्याबद्दल मात्र मी कुणाशी वाद घालणार नाही. १९९४ साली इमोलात दोन दिवसांत रोलंड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना गेले. एवढंच सांगेन, की या खेळानं त्या मृत्यूंचा हिशेब मांडला आणि गाड्या बदलल्या. २०१८मध्ये चालकाच्या डोक्याभोवती हेलो नावाची टायटॅनियमची कमान आली. ती कुरूप दिसते म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. २०२०मध्ये बहारीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी कठडा भेदून दुभंगली, पेटली, आणि तो स्वतःच्या पायांनी आगीतून बाहेर आला. सौंदर्याचा तो वाद तिथेच संपला.

राहिला प्रदूषणाचा मुद्दा, आणि तो रास्त आहे. शर्यतीत जळणारं इंधन या खेळाच्या एकूण कार्बन उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी. खरा भार जगभर सामान आणि माणसं नेण्याचा. २०२४मध्ये जपानची शर्यत वसंतात आणून आशिया-पॅसिफिकच्या शर्यती जवळ आणल्या गेल्या, हे योग्य पाऊल. पण ते अपुरं आहे. एका खंडातल्या शर्यती सलग व्हायलाच हव्यात, यजमान देशांचा सोयीच्या तारखांचा हट्ट मोडावा लागला तरी चालेल. टायरच्या बाबतीत इतकी काटकसर करणाऱ्या खेळाकडून मी हे मागतो.