बारा गावचे पाणी

आमच्या सिरसाळ्यात एखाद्या माणसापासून सावध राहा असे सुचवायचे असले, म्हणजे लोक म्हणतात, ‘अहो, तो बारा गावचे पाणी प्यालेला आहे!’ मी मराठीचा शिक्षक. हा वाक्प्रचार मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, ह्याची गणती नाही. ‘पुष्कळ हिंडून धूर्त बनलेला’ असा अर्थ मी सांगत असे आणि मुले वाक्यात उपयोग करून दाखवीत. त्या अर्थाविषयी मला पहिल्यांदा शंका आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही फुटबॉलच्या मैदानावर, भर पावसात.

परंतु त्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

आमचा बीड जिल्हा ऊसतोडणी करणाऱ्यांचा. दसरा झाला की गावेच्या गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवराबायको कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात जातात. मुलांना मागे ठेवणार कोणाजवळ? तीही ट्रॉलीत बसून जातात. शाळेत हजेरी घेताना मला एकेका नावापुढे थांबावे लागे. चैत्राच्या सुमारास ही मुले परत येत. अंगाने वाळलेली, उन्हाने काळवंडलेली, आणि अभ्यासात चार महिने मागे पडलेली.

१९९८ सालची गोष्ट असेल. असाच एक मुलगा आठवीच्या वर्गात होता. एका कारखान्याच्या तळावरून दुसऱ्या तळावर, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, असे त्याचे चाललेले होते. अभ्यासात तो बेताचाच होता. पण पायाशी चेंडू आला की तो निराळाच मुलगा होई. शाळेमागच्या ढेकळांच्या रानात तो चेंडू असा काही घेऊन जाई, की मोठी मुलेही बाजूला उभी राहून पाहत. एके दिवशी वाक्प्रचारांचा तास चालला होता. ‘बारा गावचे पाणी पिणे’ हा वाक्प्रचार आला आणि मी त्या मुलाकडे हात करून म्हणालो, “ह्याचे उदाहरण तर आपल्या वर्गातच बसले आहे.” सारा वर्ग हसला. मीही हसलो. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. कोयत्याने त्याला नेले, असे मी मनाशी म्हटले आणि त्याचे नाव हजेरीपटावरून कमी केले.

२०१८ साली मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि जूनच्या आरंभी मुंबईस मुलीकडे राहावयास गेलो. ती अंधेरीस राहते. तेथून जवळच शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे. त्याच्या मैदानावर त्या दिवसांत भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चिनी तैपेई ह्या चार देशांची फुटबॉल स्पर्धा चालू होती. १ जूनला भारताने चिनी तैपेईला पाच गोलांनी हरविले. त्यांतले तीन गोल एकट्या कर्णधाराचे, सुनील छेत्रीचे होते. आणि एवढा पराक्रम पाहावयास मैदानावर माणसे किती होती? अवघी २५६९! कोटीच्या घरात वस्ती असलेल्या मुंबईत!

दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत काढून लोकांसमोर हात जोडले. आम्हांला नावे ठेवा, आमच्यावर ओरडा, पण एकदा मैदानावर या, एवढेच त्याचे मागणे होते. माझ्या जावयाने ती मला दाखविली. देशाचा कर्णधार आपल्याच देशातील लोकांना ‘पाहावयास या’ म्हणून विनवतो, हे काही मला बरे वाटले नाही. खरे सांगायचे तर थोडी लाज वाटली. पटावरची मुले शाळेत यावीत म्हणून दारोदार हिंडलेला माणूस मी. रिकाम्या बाकांचे दुःख मला कोणी समजावून सांगावयास नको होते.

४ जूनला केनियाशी सामना होता आणि छेत्रीचा तो देशासाठीचा शंभरावा सामना होता. आम्ही गेलो. संध्याकाळपासून पावसाने जी झोड उठविली ती थांबेना. मैदानात जागोजाग पाणी साचले. चेंडू लाथाडावा तर तो दोन हातांवर जाऊन चिखलात रुतून बसे. पण लोक हटले नाहीत. तीन दिवसांपूर्वीच्या त्या ओस मैदानात बसावयास जागा उरली नव्हती. पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धात पेनल्टी मिळाली, ती छेत्रीनेच घेतली आणि चेंडू जाळ्यात गेला. पाठोपाठ जेजेने दुसरा गोल केला. सामना संपता संपता छेत्रीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू असा अलगद सोडला, की त्या पावसात मी माझी छत्री कोठे ठेवली हेच विसरून गेलो. ती पुढे सापडली नाही.

त्या रात्री मी जावयाला ह्या मनुष्याविषयी विचारू लागलो. पुढील काही दिवस वाचनालयात बसून आणि नातवाच्या मदतीने मी बरीच माहिती गोळा केली. आणि जसजशी ती जुळत गेली तसतसा तो आठवीतला मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहू लागला.

सुनील छेत्रीचा जन्म ३ ऑगस्ट १९८४ रोजी सिकंदराबाद येथे झाला. वडील लष्करात. त्यांची जेथे बदली होई तेथे कुटुंब जाई. म्हणून गंगटोक, दार्जिलिंग, दिल्ली अशा ठिकठिकाणच्या शाळांतून त्याचे शिक्षण झाले. त्याची आई स्वतः नेपाळच्या महिला संघाकडून फुटबॉल खेळलेली होती. म्हणजे बिऱ्हाड पाठीवर होतेच. चेंडूही घरातलाच होता.

२००२ साली, सतराव्या वर्षी, त्याला कोलकात्याच्या मोहन बागान ह्या नामांकित संघाने घेतले. तेथून तो पंजाबात जेसीटी संघात गेला, मग पुन्हा कोलकात्यास ईस्ट बंगालकडे, मग गोव्यात डेम्पो संघाकडे. ह्या धंद्यात करार असतो तोवर गाव आपले; करार संपला की पुढचे गाव. संघही काही अजरामर नसतात. जेसीटीचा संघ तर २०११ साली मोडीतच निघाला.

छेत्रीची जागा आघाडीची. तिला ‘स्ट्रायकर’ म्हणतात. हा शब्द आमच्या मुलांना कॅरममुळे ठाऊक असतो आणि त्यामुळेच थोडा फसवतो. कॅरममधला स्ट्रायकर सारखा हातात असतो. फुटबॉलमधल्या स्ट्रायकरच्या वाट्याला चेंडू फार थोडा वेळ येतो. नव्वद मिनिटांतली बहुतेक मिनिटे तो चेंडूवाचून धावत असतो. कधी प्रतिपक्षाच्या रक्षकाला आपल्यामागे ओढून नेतो, कधी मोकळी जागा हेरून तेथे जाऊन उभा राहतो, आणि दहांतल्या नऊ वेळा तेथे चेंडू येतच नाही. दहाव्या वेळी आला आणि चुकला, तर सारे मैदान त्यालाच दोष देते. छेत्री उंचीने बेताचा. सुमारे पाच फूट सात इंच. तरी त्याने कितीतरी गोल डोक्याने केले आहेत, कारण चेंडू येण्याआधी तो तेथे पोचलेला असे.

भारतासाठी तो पहिला सामना खेळला तो १२ जून २००५ रोजी, पाकिस्तानात, क्वेट्टा येथे. त्यातच त्याने पहिला गोल केला. २००८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर ताजिकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले आणि त्या विजयामुळे कित्येक वर्षांनी भारताला आशिया चषकाच्या स्पर्धेत प्रवेश मिळाला.

मला मात्र त्याच्या विजयांपेक्षा परदेशच्या तीन हकिकती अधिक महत्त्वाच्या वाटतात. २००९ साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स संघाने त्याला घ्यावयाचे ठरविले. परंतु तेथील सरकारने काम करण्याचा परवाना नाकारला. कारण काय, तर भारताचा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नव्हता! स्वतःच्या उणिवेसाठी दार बंद झाले तर माणूस ती भरून काढू शकतो. देशाच्या क्रमांकासाठी बंद झाले तर एकट्याने काय करावे? पुढच्या वर्षी तो अमेरिकेस कॅन्सस सिटीच्या संघात गेला. तेथे त्याला स्पर्धेतला एकच सामना खेळावयास मिळाला. २०१२ साली पोर्तुगालमधील लिस्बनच्या स्पोर्टिंग संघाने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. तेथेही तो दुसऱ्या फळीच्या संघाकडून मोजकेच सामने खेळला आणि वर्ष पुरे होण्याआधीच मायदेशी परतला.

गावात अशा माणसाचे काय होते, हे मी पाहिले आहे. ‘गेला होता मोठा, आला परत!’ एवढे दोन शब्द पारावरून ऐकू आले, की माणूस महिनाभर घराबाहेर पडत नाही. छेत्री लिस्बनहून आला तो २०१३ साली सरळ गोव्यात चर्चिल ब्रदर्स संघात खेळू लागला, आणि त्या मोसमाचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच संघाने मिळविले. त्याच वर्षी बेंगळुरूस एक अगदी नवा संघ निघाला. ज्या संघाला ना इतिहास ना चाहते, अशा ठिकाणी तो गेला आणि पहिल्याच मोसमात तो संघ देशात पहिला आला. २०१६ मध्ये आशियाई संघांच्या एएफसी चषकात त्याने अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली; तोवर कोणताही भारतीय संघ तेथवर पोचला नव्हता. बारा गावे हिंडलेल्या ह्या माणसाचे गाव शेवटी बेंगळुरू झाले.

मधली दोन वर्षे तो इंडियन सुपर लीगमध्ये मुंबईकडूनही खेळला. २०१५ साली त्या स्पर्धेसाठी खेळाडूंचा लिलाव झाला आणि छेत्रीला १ कोटी २० लाख रुपयांची बोली लागली. ‘लिलाव’ हा शब्द माणसांसाठी वापरलेला माझ्या कानांना रुचत नाही. उचल आणि लिलाव ह्यांतील रकमांचे अंतर आभाळाएवढे आहे, हे मला कळते. पण दोन्ही ठिकाणी माणसाच्या अंगातील बळाचा भाव दुसराच कोणीतरी ठरवीत असतो, हेही कळते. असो. २०१९ च्या मार्चमध्ये त्याच अंधेरीच्या मैदानावर बेंगळुरूने गोव्याच्या संघाला हरवून ते अजिंक्यपद जिंकले. तो एकमेव गोल मुंबईच्या राहुल भेके ह्याचा होता. कर्णधार छेत्री होता.

६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून त्याने देशाच्या संघातून निरोप घेतला. तोपर्यंत १५१ सामन्यांत त्याचे ९४ गोल झाले होते. त्या वेळी खेळत असलेल्या जगातील सर्व पुरुष खेळाडूंमध्ये रोनाल्डो आणि मेस्सी ह्या दोघांचेच गोल त्याच्याहून अधिक होते. पुढे संघाला गोल मिळेनात, म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये, चाळिशी उलटल्यावर, तो परत आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने आणखी एक गोल केला.

गेल्या दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पाने द्यावयास एक गृहस्थ माझ्या घरी आला. चेहरा ओळखीचा वाटेना. त्याने नाव सांगितले तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. तोच तो मुलगा. वयाने छेत्रीच्या बरोबरीचा. पंचवीसएक वर्षे ऊस तोडतो आहे. बरोबर दहा-अकरा वर्षांचा त्याचा मुलगा होता; काखेत चेंडू. इतकी वर्षे हा मुलगा आजीजवळ गावी राहून शाळा शिकत होता. यंदा आजी वारली. दुसऱ्या दिवशी त्यालाही ट्रॉलीत बसून कर्नाटकाकडे जावयाचे होते.

मी हंगामी वसतिगृहाविषयी बोललो. “चौकशी केली, गुरुजी,” तो म्हणाला, “पण आई गेल्यापासून पोरगं एकटं राहीना.” मग मी त्याला शिक्षण हमी पत्रक घेतलेस का, असे विचारले. त्याने खिशातून ते काढून दाखविले. घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेले होते.

बोलता बोलता मी छेत्रीची गोष्ट काढली. तो हसला. “त्याला वळखतो की आम्ही, गुरुजी. रातच्याला तळावर मोबाइलवर बघतो.” मी अंधेरीच्या त्या सामन्याचे वर्णन करू लागलो तर पहिला गोल पेनल्टीचा होता, हे त्यानेच माझ्याआधी सांगितले. माझ्याने पुढे राहवेना. आठवीच्या वर्गात मी काय म्हणालो होतो, ते मी त्याला सांगितले आणि ते माझे चुकले होते असे म्हणालो. त्याने थोडा वेळ अंगणाकडे पाहिले.

“मला नाही आठवत, गुरुजी,” तो म्हणाला.

त्याला खरोखरच आठवत नव्हते, की माझ्या वयाकडे पाहून तो तसे म्हणाला, हे मी ओळखू शकलो नाही. आमची ही एवढी मोठी माणसांची बोलणी चालली असता मुलगा पायरीवर बसून चेंडूतली हवा काढीत होता. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोयते, धान्याची पोती. फुगलेल्या चेंडूला जागा कोठली! हवा गेल्यावर त्याने चेंडूची घडी केली आणि सदऱ्याच्या आत पोटाशी धरली.

“अरे, तिकडे हवा कशाने भरशील?” मी विचारले.

“ट्रॅक्टरवाल्या काकांजवळ पंप असतो,” तो म्हणाला. “आणि तिथं मैदान मोठं आहे. ऊस तुटला की सगळं रानच मोकळं.”