माहेरची एक खोली



तुमच्या घरात एक खोली अशी असेल की तिचे नाव विचारले तर चार माणसे चार नावे सांगतील. कोणी तिला खताची खोली म्हणेल, कोणी बियाण्याची. म्हातारी माणसे बाळंतिणीची खोली म्हणतील आणि पोरे सरळ अडगळीची म्हणतील. तिचे दार अर्धेच उघडते, कारण दारामागे तुषार सिंचनाचे पाइप उभे असतात. आत फवारणीचा पंप, फुटकी घमेली, तीन पायांची खुर्ची, रिकामी पोती, जुनी मोटार आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेल्या अशा वस्तू की ज्या आजवर कधी लागल्या नाहीत.

पंचायत समितीचा कृषी विस्तार अधिकारी म्हणून २७ वर्षे मी मराठवाड्यातली गावे फिरतो आहे. आपल्याकडे बैलाला गोठा आहे, ट्रॅक्टरला शेड आहे, कडब्याला गंजी आहे. सासरहून आलेल्या लेकीला मात्र हक्काची जागा नाही. ती आली की रात्री स्वयंपाकघरातली भांडी सरकवायची आणि तिथे वाकळ अंथरायची. पहाटे चहाला चूल पेटायच्या आत तिने पोरांसकट उठायचे. चार दिवसांसाठी आलेली लेक मग दुसऱ्या दिवशीच पिशवी भरते. आपण म्हणतो, तिला आता माहेरची ओढ राहिली नाही.

आमच्या घरचेच सांगतो. गावी थोरले बंधू शेती पाहतात. घर माळवदाचे, जाड भिंतींचे. त्यांची लेक, म्हणजे माझी पुतणी, पुण्याकडे दिलेली. तिला एक चार वर्षांचा आणि एक आठ महिन्यांचा, अशी दोन मुले. दोन वर्षे ती महालक्ष्म्यांना सकाळी यायची आणि जेवण झाले की संध्याकाळच्या गाडीने परत जायची. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “भाऊजी, लेक माझी, पण तिला राहा म्हणायला मला तोंड नाही. लेकरं घेऊन निजवू कुठं तिला?”

यावर उपाय एकच होता. मागची अडगळीची खोली मोकळी करायची. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, शेतात फारसे काम नसताना, मी दोन दिवसांची रजा टाकून गेलो.

अडगळ काढायची तर खोलीतल्या खोलीत वस्तू हलवू नयेत, हे पहिले ध्यानात घ्या. त्याने फक्त धूळ जागा बदलते. कोरडा दिवस पाहून सगळे सामान अंगणात काढा आणि त्याचे चार ढीग करा. पहिला धान्य-बियाण्याचा, दुसरा औजारांचा, तिसरा मोडतोडीचा आणि चौथा औषधांचा. चौथा ढीग सावलीत, कडेला ठेवा. मुले, कोंबड्या, जनावरे तिकडे फिरकू देऊ नका. हातात रबरी मोजे आणि तोंडाला फडके हवेच.

मोडतोडीच्या ढिगाशी दादांचे आणि माझे जुंपले. प्रत्येक वस्तूला ते म्हणत, “राहू दे, लागतंय कधीतरी.” शेवटी आम्ही एक कसोटी ठरवली. गेल्या दोन खरिपात आणि दोन रब्बीत जी वस्तू एकदाही हाताला लागली नाही, ती भंगारात किंवा ज्याला लागते त्याच्या घरी. या कसोटीतून फक्त वडिलांची तिफण सुटली. ती दादांनी काही न बोलता उचलून गोठ्याच्या आढ्याला टांगली. आम्हीही काही विचारले नाही. बाकी कसोटी कडक पाळली. जुनी सागवानी खिडकीची चौकट तेवढी मी बाजूला काढून घेतली.

चौथ्या ढिगाने मात्र आम्हा सगळ्यांना गप्प केले. कोनाड्यातून एकेक वस्तू निघू लागली. सगळ्यात मागे बीएचसीच्या भुकटीची पिशवी. तिच्यावर १९९७ सालीच बंदी आली. तिच्या पुढे एन्डोसल्फानची अर्धी बाटली. ते २०११ साली बंद झाले. त्याच्याही पुढे फोरेटच्या दाण्यांची फाटकी पिशवी. त्यावरची बंदी २०२० च्या अखेरीस लागू झाली. सरकारने एकेक औषध बंद केले, पण आमच्या कोनाड्यापर्यंत तो हुकूम पोहोचलाच नव्हता. आणि एका दारूच्या जुन्या बाटलीत तपकिरी रंगाचे काहीतरी होते. ते काय, हे कोणालाच सांगता येईना.

अशी बिनचिठ्ठीची बाटली सापडली तर ती उघडून वास घेऊ नका. औषध नेहमी मूळ बाटलीतच ठेवावे. बाटलीवरचा त्रिकोण वाचायला घरातल्या बायकामुलांनाही शिकवा. लाल म्हणजे सर्वात जहाल, त्यावर कवटीचे चित्र असते. मग पिवळा, मग निळा. हिरवा त्यातल्या त्यात सौम्य, पण तोही पिण्याचा नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून शेतातल्या फवारणीविषयी आपण बरेच बोलतो. घरातल्या कोनाड्याविषयी कोणी बोलत नाही.

फोरेटच्या पिशवीखालची मातीची जमीन काळपट पडली होती आणि खोली रिकामी झाल्यावरही वास जात नव्हता. मी दादांना आणि वहिनींना सांगितले, “या खोलीत लेकरं निजवता येणार नाहीत.”

वहिनी तिथेच उंबऱ्यावर बसल्या. दोन दिवस त्या राबल्या होत्या. दादा म्हणाले, “चांगलं शेणानं सारवून घेऊ, चुना मारू. मग काय राहतं?”

मी म्हणालो, “दादा, सारवण डाग झाकील, विष झाकणार नाही. आठ महिन्यांचं लेकरू रांगतं. हाताला लागलं ते तोंडात घालतं. आपण खोलीत उभे राहतो, त्याचं नाक जमिनीला असतं.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादा उठले आणि ओसरीलगतच्या त्यांच्या खोलीकडे बोट करून म्हणाले, “मी बारा महिने ओसरीवर झोपतो. माझी खोली नुसती पोत्यांना दिलीय. ती घ्या लेकीला.”

बंधू-भगिनींनो, तुमच्याकडेही असेच निघाले तर अडून बसू नका, खोल्यांची अदलाबदल करा. ज्या खोलीत औषध सांडले आहे ती औजारांना द्या आणि दाराला कुलूप लावा. डागाळलेली माती पाण्याने ओलसर करून, मोजे घालून, चार बोटे खरवडून काढा. कोरडी झाडली तर तीच भुकटी नाकात जाते. ती माती झाकणाच्या डब्यात भरा, वर ‘विष’ असे ठळक लिहा आणि जुन्या औषधांबरोबर लोखंडी कपाटात बंद करा. ही औषधे ओढ्यात ओतू नका, विहिरीजवळ पुरू नका, जाळू नका आणि वाया कशाला घालवायची म्हणून फवारूही नका. त्यांची यादी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या. न्यायला लगेच कोणी येईलच असे नाही, तोवर कुलूप हाच राखणदार. चालू हंगामातली बाटली संपली की तीन वेळा खळखळून धुवा, ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोके पाडा, म्हणजे तीत कोणी तेल भरून ठेवणार नाही.

दादांच्या खोलीत गहू, ज्वारी आणि भाव वाढेल म्हणून राखलेले सोयाबीन होते. पोत्याला हात लावण्याआधी मी विचारले, “वहिनी, यात गोळ्या घातल्यात का?” त्या म्हणाल्या, “नाही हो, कडुनिंबाचा पाला तेवढा घालते मी.” माझा जीव भांड्यात पडला.

हा प्रश्न तुम्हीही विचारा. धान्यात किडीसाठी घालतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फुटतात आणि फॉस्फिन नावाचा वायू सोडतात. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू निघतो. तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत शिरतो. माणूस झोपेत असेल तर त्याला कळतही नाही. या विषावर उतारा नाही. म्हणूनच या गोळ्या वाटेल त्याने विकायच्या किंवा वापरायच्या नाहीत, जाणकारांनी सरकारी देखरेखीखालीच वापरायच्या, असा नियम आहे. राहत्या घरात त्या कोणी कितीही आग्रहाने दिल्या तरी घेऊ नका. धान्य कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्कन तुटले पाहिजे. मग थंड करून पत्र्याच्या कोठीत भरा आणि झाकण घट्ट लावा. घरच्या धान्याला एवढे पुरते.

आमचा गहू आणि ज्वारी अशा कोठ्यांतून माजघरात गेली. पेरणीपुरते सोयाबीन गोणपाटाच्या पोत्यांत भरून माजघरातच लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवले. चार पोत्यांहून उंच थप्पी लावली नाही, कारण सोयाबीनची साल नाजूक असते आणि दाबाने उगवण जाते. विक्रीचे सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवून तारण कर्ज घेतले. या योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती येते आणि भावाची वाटही पाहता येते. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का, हे अवश्य विचारा. पोत्यांना गोदाम मिळाले तर माणसांना खोली मिळते.

मग खोलीला लागलो. १० फूट रुंद, १२ फूट लांब. एकच झरोका. अडगळीतून राखलेली सागवानी चौकट दारासमोरच्या भिंतीत बसवली, म्हणजे वारा आरपार खेळू लागला. हे काम मात्र जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्या, माळवदाचा सगळा भार भिंतीवर असतो. भिंतींना चुना दिला. उंदरांची बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवली. उंदीर असला की त्याच्यामागे साप येतो. म्हणून अंथरूण जमिनीवर न घालता लाकडी खाट ठेवली, भिंतीपासून हातभर दूर, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचायची सोय केली. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा तो चावा दुखतही नाही. मच्छरदाणी डासांइतकीच तिच्यासाठीही आहे.

झोळीसाठी तुळईला लोखंडी कडे बसवले. त्याला ५० किलो गव्हाचे पोते रात्रभर टांगून ठेवले, मगच ते लेकराच्या कामाचे मानले. दिव्याचे बटण खाटेवरून हात पुरेल असे घेतले. विजेची खालची भोके बंद केली. न्हाणी-संडासाच्या वाटेवर एक दिवा लावला आणि अंगणातल्या हौदावर जाळीचे झाकण टाकले.

सगळे झाले असे मला वाटत होते. वहिनींनी खोली फिरून पाहिली आणि म्हणाल्या, “भाऊजी, खिडकी झाली, खाट झाली. आता दाराला आतून कडी बसवा.”

मी बी.एस्सी. शिकलो, पण हे मला सुचले नव्हते, कारण मी पुरुषमाणूस. अंगावर पिणारे लेकरू घेऊन आलेल्या लेकीला भरल्या घरात घडीभर दार लोटून बसायला जागा हवी असते. गादी जाड की पातळ हा तिचा प्रश्न नसतो. वहिनींनी आणखी एक केले. भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवला. पाहुण्याच्या खोलीत आपलेच सामान खच्चून भरले असेल तर त्याची पिशवी दाराशीच राहते, आणि दाराशी ठेवलेली पिशवी लवकर उचलली जाते.

त्या भाद्रपदात पुतणी मुलांसह आली आणि पाच रात्री राहिली. धाकटा दुपारी झोळीत झोपे, थोरला आजोबांबरोबर शेतात जाई. जाताना तिने मुलांचे दोन-दोन कपडे त्या कप्प्यात घडी करून ठेवले. दिवाळीला परत येते तेव्हा ओझे कशाला, म्हणाली.

खर्चाचे म्हणाल तर गवंडी, चुना, कडी, दिवा आणि जाळी एवढाच. खाट घरचीच होती. भंगाराचे पैसे आले ते त्यातच गेले. खरे कठीण काम पुढेच आहे. सुगी आली की रिकामी खोली पोत्यांना खुणावते. दसऱ्यानंतर दादांनी “दोनच दिवस” म्हणून सहा पोती आत ठेवली. वहिनींनी अंधार पडायच्या आत गड्याला हाक मारून ती बाहेर काढली. दादा ओसरीवरून पाहत होते, पण काही बोलले नाहीत.

तुम्हीही पाऊस लागण्याआधीचा एक कोरडा दिवस ठरवा. आधी कोनाडे पाहा, मग पोती. औषधाला कुलूप, धान्याला कोठी आणि दाराला आतून कडी, एवढे झाले की मग लेकीला निरोप धाडा. निरोपात फक्त ‘ये’ लिहू नका, ‘राहायला ये’ असे लिहा.