पांखरांच्या मंडळाचा वर्षाचा कार्यक्रम

मंडळ काढावयास चार माणसें आणि एक संध्याकाळ पुरते. तें चालवावयास मात्र वर्षाचे बाराही महिने लागतात. आपल्या वस्त्यांतून वाचनमंडळें, भजनी मंडळें, महिलामंडळें निघतात किती आणि बंद पडतात किती, हें वाचकांस ठाऊक आहेच. पहिल्या सभेस उत्साह, दुसरीस फराळ, तिसरीस ‘आतां पुढें काय?’ हा प्रश्न, आणि चवथी सभा बहुधा होतच नाहीं. घरीं पक्षी पाळणाऱ्या कुटुंबांचें एक लहानसें मंडळ आम्ही कांजूरमार्ग येथें चालवितों. ही चवथी सभा आम्ही कशी ओलांडली, तें सांगितल्यास इतरांसही उपयोगीं पडेल, या भावनेनें हे चार शब्द लिहीत आहों.

कांजूरमार्ग हें विक्रोळी व भांडुप यांच्या मधलें स्टेशन. पश्चिमेस पवईकडील टेकड्या, पूर्वेस मिठागरें व ठाण्याची खाडी. आमच्या वसाहतींत चौदा घरीं पक्षी आहेत. बहुतेकांकडे बजरीगर आहेत. बाजारांत यांनाच सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात. परंतु खरा लव्हबर्ड आफ्रिकेंतला आणि बजरीगर ऑस्ट्रेलियाचा. दोघांतिघांकडे तुरेवाले कॉकाटील, एका घरीं झेब्रा फिंच. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं सोसायटीच्या सभागृहांत आम्ही जमतों. वर्षाचा कार्यक्रम आखण्याचा विषय निघाला तेव्हां पहिली सूचना आली ती अशी, कीं प्रत्येकानें आपला पिंजरा घेऊन यावें, प्रदर्शन भरवावें, उत्तम पक्ष्यास बक्षीस द्यावें. सूचना मोठी आकर्षक होती आणि मुलांनीं तर ती उचलूनच धरली. परंतु सभेस बोलाविलेल्या पशुवैद्यांनीं शांतपणें सांगितलें, “नवा पक्षी घरीं आणला तरी निदान तीस दिवस तो जुन्या पक्ष्यांपासून वेगळा ठेवावा लागतो. मग चौदा घरचे पक्षी एका खोलींत आणल्यास एकाचा आजार चौदांकडे जाणार नाहीं, याची हमी कोण देईल?”

पक्षी आणावयाचे नाहींत, तर मग पक्ष्यांच्या मंडळानें सभेंत करावयाचें तरी काय? मुंबई नगरींत या प्रश्नाचें उत्तर पूर्वींच दिलें गेलें आहे. १८८३ च्या सप्टेंबरांत आठ गृहस्थांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते. दर महिन्यास जमावें, आपापलीं टिपणें एकमेकांस सांगावीं, मिळालेले नमुने दाखवावे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. १८८६ पासून संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें, आणि १४० हून अधिक वर्षें लोटलीं तरी ती संस्था उभी आहे. यावरून आम्हीं एक सूत्र घेतलें: सभेस पांखरूं आणूं नये, निरीक्षण आणावें.

त्याप्रमाणें प्रत्येक घरीं एक वही झाली. दर रविवारीं सकाळीं खाण्यापूर्वीं स्वयंपाकघरांतील लहान काट्यावर पक्ष्याचें वजन करावयाचें व तें वहींत टिपावयाचें. बजरीगर सामान्यतः ३० ते ४० ग्रॅम भरतो. त्यांत तीनचार ग्रॅमांची घट म्हणजे दहावा हिस्सा गेला. पक्षी आपला आजार शेवटपर्यंत लपवितो. रानांत दुबळा दिसणारा आधीं मारला जातो, म्हणून त्याचा स्वभावच तसा झाला आहे. डोळ्यांस जें दिसत नाहीं तें काटा आठवडाभर आधीं सांगतो. ही वही बहुधा घरांतील मुलें लिहितात आणि आजोबा तपासतात. आजोबा-नातवंडांस एका कामावर बसविणारा असा दुसरा उपाय आम्हांस तरी सांपडलेला नाहीं.

सभांचे विषय आम्हीं पंचांगावरून घेतले, कारण पक्ष्याचीं संकटेंही ऋतूंप्रमाणेंच येतात. चैत्र-वैशाखांत उन्हाळा: चोंच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून पक्षी धापा टाकूं लागला तर काय करावें, स्नानास उथळ पसरट भांडें कोठें ठेवावें. ज्येष्ठ-आषाढांत दाणा: राळे व बाजरी दमट हवेंत बुरसतात, म्हणून थोडेथोडे आणावे; नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पक्षी स्थूल होतो, त्यास कोथिंबीर-मेथीची पानें द्यावीं आणि चुन्यासाठीं पिंजऱ्यांत समुद्रफेस अडकवावा. श्रावण-भाद्रपदांत धूर: धूप, कापूर व उदबत्ती यांपासून पिंजरा दूर असावा. पक्ष्याच्या फुप्फुसांस हवेच्या पिशव्या जोडलेल्या असल्यामुळें हवेंतील विष माणसाआधीं त्यास बाधतें. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनें पक्षी कांहीं मिनिटांत दगावूं शकतो, हें ऐकून दोन गृहिणींनीं त्याच दिवशीं पुनः बिडाचे तवे काढले. आश्विनांत फटाके: पिंजरा आंतल्या खोलींत, भिंतीलगत, कॉकाटील अंधारांत दचकून धडपडतो, म्हणून त्याच्याजवळ मंद दिवा. पौषांत संक्रांत: मांज्यानें पंख कापलेला रानपक्षी सांपडल्यास त्यास पाणी न पाजतां खोक्यांत ठेवून दवाखान्यांत कसा न्यावा. माघ-फाल्गुनांत पिलें: घरटें लावण्यापूर्वीं प्रत्येक पिलास घर ठरलें आहे काय?

एक विषय मात्र पंचांगांत नव्हता, आणि तोच सर्वांत कठीण ठरला. कार्यक्रमपत्रिकेंत ‘कायदा व आपण’ असें व्याख्यान होतें. आपला हिरवा पोपट, मैना, मुनिया हे देशी पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें संरक्षित आहेत. ते पकडणें, विकणें वा घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. परदेशी पक्ष्यांपैकीं आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा अशांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारदरबारीं करावी लागते. बजरीगर व कॉकाटील त्या यादींत नाहींत. व्याख्यान संपलें आणि मागच्या ओळींतून आमच्या वसाहतींतील माई उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या घरीं राघू अकरा वर्षें होता. यजमानांनीं तो आणिला होता आणि यजमान जाऊन चार वर्षें झालीं होतीं. राघू अजून त्यांच्याच आवाजांत ‘चहा झाला का?’ असें विचारीत असे.

सभेंत दोन तट पडले. कोणी म्हणाले, वाच्यता करूं नये, म्हातारीस काय त्रास द्यावयाचा! कोणी म्हणाले, मंडळाचें नांव जाईल, त्यांस सभासदत्व नको. एकानें सुचविलें, गॅलरीचें दार उघडून सोडून द्यावा. माईंनीं वैद्यांनाच विचारलें, “डॉक्टर, सोडला तर जगेल का तो?” ते म्हणाले, “नाहीं, माई. त्याला दाणा शोधतां यावयाचा नाहीं, आणि कावळे त्याला सोडणार नाहींत. तुम्ही वनखात्यालाच कळवा.” माई कांहीं बोलल्या नाहींत. पुढच्या आठवड्यांत त्यांनीं मुलाकरवीं वनखात्यास आपण होऊन कळविलें, आणि राघूची रवानगी बचावकेंद्रांत झाली. कायदा बरोबर होता आणि माईंचें दुःखही खरें होतें. एकानें दुसरें खोटें ठरत नाहीं. ज्यांच्या बापजाद्यांच्या ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे, अशा आपल्या घराण्यांना हें विशेष जड जाईल. परंतु बाजारांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पोपटामागें एक लुटलेली ढोली असते, हेंही आपण जाणलें पाहिजे.

माई आतां सभेस येणार नाहींत, असें आम्हां सर्वांस वाटलें होतें. पुढच्या दुसऱ्या रविवारीं त्या आल्या, आणि हातांत वही होती. त्यांच्या खिडकीसमोरच्या बदामाच्या झाडावर रानपोपट किती वाजतां येतात, किती येतात, कोणतें फळ कुरतडून टाकतात, हें त्यांनीं महिनाभर टिपलें होतें. त्या दिवशींच्या टिपणांत तेंच सर्वांत चांगलें होतें. ज्याचे घरीं पक्षी नाहीं त्यानेंही पक्ष्यांच्या मंडळांत यावें, हा ठराव त्यानंतर एकमतानें झाला.

महाराष्ट्र शासनानें २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह ठरविला आहे. मारुती चितमपल्ली व डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. त्या सप्ताहांत आम्ही पिंजरे घरीं ठेवून भांडुप उदंचन केंद्राच्या बाजूस खाडीकांठीं जातों. ठाणें खाडीचें रोहित पक्षी अभयारण्य २०१५ त झालें आणि २०२२ त तिला रामसर स्थळाचा मान मिळाला. चिखलांत मान घालून चरणारीं बगळ्यांचीं व चिखल्यांचीं रांग मुलांस दाखवितांना माईंचा उत्साह पाहण्यासारखा असतो.

येत्या वर्षाची पत्रिका छापून झाली आहे. तींत बारा विषय आहेत आणि प्रत्येक विषयाखालीं दोन ओळी कोऱ्या ठेविल्या आहेत. त्या महिन्यांत आपल्या घरीं काय दिसलें, तें सभासदानें तेथें लिहावयाचें. ज्या वस्तींत अशीं चार घरें असतील त्यांनीं बक्षिसें, व्याख्याते व फराळ यांची चिंता मागाहून करावी. आधीं एक वही आणि एक लहान काटा घ्यावा. सभेस सांगण्याजोगें प्रत्येकापाशीं कांहीं असलें, म्हणजे चवथी सभा आपोआप होते.