बेचक्यातली गाठ

तिचा पत्ता ठरलेला. जबड्याच्या कोपऱ्याखाली कॅरोटिड धमनीला दोन फांद्या फुटतात, एक मेंदूकडे जाते, दुसरी चेहऱ्याकडे. त्या बेचक्यात ती ठाण मांडते. तिथे प्रत्येकाच्याच मानेत भाताच्या शिताएवढा एक पिंड असतो, कॅरोटिड बॉडी. रक्तातला प्राणवायू घटला की तो मेंदूला वर्दी देतो आणि श्वास वाढतो. या कामाचा छडा लावणाऱ्या बेल्जियमच्या कोर्नेय हेमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. त्याच पिंडाच्या पेशी वाढल्या की ही गाठ होते.

घाई तिच्या स्वभावात नाही. वर्षाकाठी एखाद-दोन मिलिमीटर वाढते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसं वर्षानुवर्षं तिच्याकडे काणाडोळा करतात. आंडीज पर्वतातल्या विरळ हवेत ती जास्त आढळते, कारण तिथे या पिंडाला जन्मभर राबावं लागतं. काही घराण्यांत ती रक्तातून उतरते. एसडीएचडी या जनुकातला दोष बापाकडून आला तर गाठ होऊ शकते, आईकडून आला तर सहसा होत नाही. म्हणून जाणता डॉक्टर काका-आत्यांचीही चौकशी करतो.

आपल्याकडे मानेत गाठ म्हटली की पहिला संशय टीबीचा आणि लगोलग सुईची तपासणी. इथे मात्र हात आवरावा लागतो. ही गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. तुकडा काढायला गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. आधी बोटांनी विचारायचं. दोन बोटांत धरली तर ती पुढे-मागे सरकते, वर-खाली मात्र हलत नाही, कारण उभ्या धमन्यांनी तिला जखडलेलं असतं. बोटांखाली ठोकाही लागतो. मग डॉप्लर सोनोग्राफी आणि सीटी अँजिओग्राफी. त्यात धमनीच्या दोन्ही फांद्या फाकलेल्या दिसतात. दुसरी बाजूही पाहायची, कारण कधी कधी ती दोन्हीकडे असते. काही मोजक्या गाठी रक्तदाब भडकवणारी संप्रेरकं सोडतात, त्यासाठी रक्त-लघवीची तपासणी ऑपरेशनआधीच उरकायची.

ती बहुधा कॅन्सरची नसते, पण तिचा शेजार फार नाजूक. मेयो क्लिनिकच्या शॅम्बलिन यांनी १९७१मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले: धमनीला नुसती टेकलेली, अर्धवट चिकटलेली आणि धमनीला पुरतं वेढून बसलेली. तिसरीला सोडवताना कधी धमनीचा तुकडाच बदलावा लागतो. जीभ हलवणारी नस, आवाज सांभाळणारी नस हाताशीच असतात. दुखावल्या तर बोलणं आणि गिळणं अवघड होतं. धमनी दगावली तर पक्षाघाताची भीती. म्हणून वयस्क माणसाची लहान गाठ काढण्याऐवजी ठरावीक काळाने स्कॅन करत तिच्यावर लक्ष ठेवणं, किंवा रेडिएशनने तिची वाढ रोखणं, हेही पक्के उपचार आहेत.

मानेत न दुखणारी गाठ लागली तर दाखवायला उशीर करू नका. आणि कुणी सुई हातात घेतली, तर गाठीला ठोका आहे का, हे पाहिलंत का, एवढं जरूर विचारा.