अर्धा मिलिमीटर

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची प्रीमियर पद्मिनी दीड वर्ष इमारतीखाली उभी होती. १९८७चं मॉडेल. भाईजान म्हणाले, भंगारात देऊन टाकू. अम्मी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गाडीचं कव्हर धुऊन वाळत घातलं. मी काय समजायचं ते समजले आणि टोचन लावून गाडी चाचांच्या गॅरेजमध्ये नेली.

ही गाडी आमच्या कुर्ल्यातलीच. तिचा कारखाना इथंच होता. आता त्या जागी इमारती आहेत. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

शेवटच्या काही वर्षांत गाडी निळा धूर सोडायची. इंजिन ऑइल जाळत होतं. चाचांनी हेड उतरवलं, चारही पिस्टन बाहेर काढून फडक्यावर ओळीनं मांडले आणि एक माझ्या हातात दिला. त्याच्या माथ्यावर कंपनीच्या मूळ मापाचा शिक्का होता. पिस्टन पहिल्यापासूनचेच होते, फक्त रिंगा मागाहून बदललेल्या.

मला २०११ साल आठवलं. तेव्हाही गाडी धूर सोडत होती. मेकॅनिकनं बोअरिंग करून चार नवे पिस्टन टाकायला सांगितलं होतं. अब्बा घरी येऊन म्हणाले, "रिंगा टाकल्या, काम झालं." त्याच महिन्यात माझी बी.एड.ची फी भरली गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

पद्मिनीच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. चाचांनी बोअर गेज घालून वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं माप घेतलं. झीज वरच्या टोकाला जास्त होती. रिंग तिथूनच मागे फिरते, उष्णता तिथं जास्त आणि ऑइल कमी. सर्वांत वाईट सिलिंडर तीन दशांश मिलिमीटरहून थोडा जास्त झिजून लंबगोल झाला होता. अशा भोकात गोल रिंग बसत नाही. अब्बांची दुरुस्ती फार काळ का टिकली नाही, ते आता कळलं.

म्हणजे सिलिंडर मोठे करून मोठे पिस्टन टाकायचे. अर्धा मिलिमीटर पुरेसा होता, पण बाजारात एक मिलिमीटरचाच सेट होता. बोअरिंगवाला म्हणाला, "हाच टाका, आजच काम होईल." भाईजानांच्या एका मित्रानं रेसिंगचे फोर्ज्ड पिस्टन सुचवले. ते मजबूत असतात, पण गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून सैल बसवावे लागतात आणि थंड इंजिनात खडखडतात. शाळेत आणि बाजारात जाणाऱ्या गाडीला त्यांचं काय काम?

चाचा एवढंच म्हणाले, "बेटी, ब्लॉक का लोहा एक बार गया तो वापस नहीं आता."

मी थांबले. महिन्याभरानं एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर अर्ध्या मिलिमीटरचा सेट सापडला. सोनाराच्या काट्यावर चारही पिस्टन तोलले. एक तीन ग्रॅम जड निघाला. चाचांनी त्याची आतली खालची कड घासून वजन जुळवलं, माथ्याला हात लावला नाही. मग पिस्टन बोअरिंगवाल्याकडे नेले. आधी पिस्टन हातात हवेत आणि मग त्यांच्या मापानं सिलिंडर कापायचा, हा त्यातला कायदा. पिस्टन दिसतो गोल, पण तसा नसतो. तो किंचित लंबगोल आणि वरच्या बाजूला निमुळता असतो. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि माथा सर्वांत जास्त तापतो, म्हणून ही जागा आधीच सोडलेली असते. माप घ्यायचं ते खालच्या भागात, पिनेच्या काटकोनात. प्रत्येक पिस्टनवर त्याच्या सिलिंडरचा नंबर टाकला.

इंजिनाच्या हिशोबानं अब्बा चुकले होते. ब्लॉक आणखी झिजला, ऑइलवर पैसे गेले. पण तेव्हा बोअरिंग झालं असतं, तर हे माप त्याच वेळी वापरलं गेलं असतं. ते त्यांनी न सांगता माझ्यासाठी ठेवलं. त्यापुढचा अर्धा मिलिमीटर अजून ब्लॉकमध्ये आहे. माझी मुलगी सात वर्षांची आहे.

नव्या पिस्टनवर पहिले हजार किलोमीटर गाडी पळवायची नाही. मी शाळेत हळूहळू जाते. मागचे हॉर्न वाजवतात. परवा अम्मी शेजारी बसली होती. सिग्नलला तिनं डॅशबोर्डवर हात ठेवला, थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "आता धूर नाही ना येत?"

"नाही," मी म्हणाले.